कशेडीपलीकडचं तुंबाड आणि टोकियोचं भुयार

१. हे खरं आहे का?

'तुंबाड' पाहून बाहेर पडलेला प्रेक्षक दोन प्रश्न हमखास विचारतो. हे गाव खरंच आहे का? आणि हस्तर नावाचा देव कुठल्या पुराणात सापडतो?

पहिल्या प्रश्नाचं उत्तर 'हो' असं आहे. महाडहून गोव्याच्या दिशेने निघालं की पोलादपूर लागतं आणि पोलादपूर मागे पडलं की कशेडीचा घाट. आता डोंगराच्या पोटातून बोगदा गेल्याने वळणं टळतात, पण हद्द तीच आहे: इकडे रायगड जिल्हा, तिकडे रत्नागिरीचा खेड तालुका. त्या तालुक्यात, जगबुडी नदीच्या खोऱ्यात तुंबाड आहे. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर 'नाही'. हस्तर कुठल्याच पुराणात नाही. राही अनिल बर्वे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१८ च्या चित्रपटासाठी तो घडवला.

तरीही पोलादपूरच्या प्रेक्षकाला हा देव परका वाटत नाही. पडद्यावरचा वाडा, पावसाने काळी पडलेली भिंत, विहिरीतून खाली जाणारी वाट आणि आजीला घाबरणारी पोरं हे सगळं त्याला आपल्याच आजोळचं वाटतं. कुणीतरी नव्याने रचलेली गोष्ट शेकडो वर्षं जुनी वाटावी, ही साधी करामत नव्हे. ती कशी साधते, हे या प्रकरणात पाहू. त्यासाठी मधूनमधून जपानलाही जावं लागेल. जुना काळ, लोककथा, भय आणि शहर हे चार धागे एकत्र विणणारा सिनेमा तिथे सत्तर वर्षांहून जास्त काळ बनतो आहे आणि त्यातून शिकण्यासारखं बरंच आहे.

२. गोष्ट कुठून आली?

१९९३ साली नागझिऱ्याच्या जंगलात एका मित्राने किशोरवयातल्या बर्वेंना नारायण धारपांची एक गोष्ट सांगितली. गोष्टीने त्यांची पाठ सोडली नाही. १९९७ च्या सुमारास त्यांनी पहिला खर्डा लिहिला, चित्रीकरण २०१२ मध्ये सुरू झालं, पुढे बराच भाग पुन्हा चित्रित झाला आणि १२ ऑक्टोबर २०१८ रोजी चित्रपट प्रदर्शित झाला. त्याआधी व्हेनिस महोत्सवातल्या समीक्षक सप्ताहाची सुरुवात याच चित्रपटाने झाली होती. २०२४ च्या सप्टेंबरात तो पुन्हा चित्रपटगृहांत आला तेव्हा पहिल्या खेपेपेक्षा जास्त गल्ला जमला. पुन्हा लावलेल्या जुन्या चित्रपटाच्या वाट्याला हे क्वचितच येतं.

धारप (१९२५–२००८) पुण्याचे, शिक्षणाने रसायनक्षेत्रातले. मराठी भयकथेला त्यांनी वाडा, तळघर आणि मध्यमवर्गीय घर दिलं. पाश्चात्त्य भयकथांचे सांगाडे घेऊन त्यांवर अस्सल मराठी मांस चढवण्यात त्यांचा हातखंडा होता. 'तुंबाड'मधल्या आजीच्या प्रसंगाचं मूळ त्यांच्या 'आजी' या कथेत आहे आणि त्या कथेच्या मागे स्टीफन किंगची एक कथा. गावाचं नाव आलं श्री. ना. पेंडसे यांच्या 'तुंबाडचे खोत' या १९८७ च्या दोन खंडी कादंबरीवरून. कादंबरीचं कथानक मात्र चित्रपटात नाही. ती खोत घराण्याच्या पिढ्यांची कहाणी आहे, भुताखेतांची नव्हे.

म्हणजे एका अमेरिकी कथेचा धागा पुण्यातल्या लेखकाच्या हातून गेला, विदर्भातल्या जंगलात तोंडी सांगितला गेला आणि शेवटी खेड तालुक्यातल्या एका गावाचं नाव घेऊन उभा राहिला. लोककथा अशीच तर चालत आली आहे, हातोहाती आणि दर मुक्कामी अंगावर नवं कापड चढवत.

३. गुप्तधन: भीतीचा कच्चा माल

चित्रपटाच्या केंद्रस्थानी सोनं आहे. हस्तर हा समृद्धीच्या देवीचा पहिला मुलगा. त्याने आईचं सगळं सोनं घेतलं. मग अन्नावर हात टाकायला गेला तेव्हा बाकीचे देव त्याच्यावर तुटून पडले. आईने त्याला पोटात लपवून वाचवलं, पण अट घालून: त्याची पूजा कुणीही करायची नाही. तुंबाडच्या एका घराण्याने लोभापायी त्याचं देऊळ बांधलं आणि गावावर कायमच्या पावसाचा शाप आला.

ही कथा नवी आहे, पण तिची माती जुनी आहे. कोकणात आणि घाटावर गुप्तधनाच्या गोष्टी नाहीत असं गाव शोधावं लागेल. धनावर नाग बसतो, धन जागा बदलतं, ते बळी मागतं. जन्मताना ज्याचे पाय आधी बाहेर आले त्या पायाळू माणसाच्या डोळ्यांत अंजन घातलं की त्याला जमिनीखालचं धन दिसतं, अशी समजूत सर्वदूर होती. ब्रिटिश काळात नाशिकचे कलेक्टर जॅक्सन यांनी प्रश्नावल्या पाठवून गावोगावच्या शाळामास्तरांकडून अशा समजुती लिहून घेतल्या. त्यात ठाणे, रत्नागिरी आणि त्या वेळचा कुलाबा जिल्हा, म्हणजे महाड-पोलादपूर ज्यात होतं तो आजचा रायगड, हेही होते. १९०९ मध्ये अनंत कान्हेरेंच्या गोळीने जॅक्सन मारले गेले. त्यांच्या कागदांवरून एन्थोव्हेन यांनी १९१५ साली कोकणच्या लोकसमजुतींचा खंड काढला. त्यातली भुतांची यादी वाचताना जाणवतं की प्रत्येक भुताचा जन्म, जागा आणि आवडनिवड वेगळी आहे. मुंजा पिंपळावर राहतो, गिऱ्हा पाण्यात, आणि खविसाची जात आणखी निराळी.

सरकारनेही गुप्तधनाची दखल घेतली आहे, तीही दोनदा. १८७८ च्या कायद्याने दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीचं धन सापडलं तर कलेक्टरला कळवणं बंधनकारक केलं. आणि २०१३ मध्ये, डॉ. नरेंद्र दाभोलकर यांच्या खुनानंतर महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदा आला, त्याच्या अनुसूचीत गुप्तधनाच्या शोधासाठी होणाऱ्या अघोरी कृत्यांचा स्पष्ट उल्लेख करावा लागला. एकविसाव्या शतकातल्या कायद्याला ज्याचं नाव घ्यावं लागतं, ती गोष्ट नुसती आजीची बडबड नसते. खड्ड्याभोवती माणसांनी माणसांचे जीव घेतले आहेत. 'तुंबाड'चं भय इथून येतं, म्हणून ते टिकतं.

४. भुताला नियम हवा

आता या सिनेमाचं सर्वांत महत्त्वाचं तंत्र. घाबरवणारी शक्ती सर्वशक्तिमान असली तर प्रेक्षक घाबरत नाही, तो हताश होतो आणि मग कंटाळतो. भीती वाटते ती मर्यादेमुळे. आट्यापाट्यांत पाटी अडवणाऱ्या गड्याला आपली पाटी सोडता येत नाही, म्हणूनच ती ओलांडणाऱ्याच्या छातीत धडधडतं. तो मैदानभर धावायला मोकळा असता तर खेळच उरला नसता.

'तुंबाड'मधला नियम पाहा. हस्तरला सोनं मिळालं, अन्न नाही, म्हणून तो कायमचा भुकेला आहे. नायक विनायक विहिरीतून देवीच्या गर्भात उतरतो, भोवती पिठाचं रिंगण आखतो आणि कणकेची बाहुली ठेवतो. हस्तर बाहुलीवर तुटून पडतो, तेवढ्या वेळात त्याच्या लंगोटातून निसटतील तितक्या मोहरा विनायक उचलतो. हस्तरचा स्पर्श झाला तर मरणही येत नाही, नुसतं सडत राहणं नशिबी येतं. एवढंच. पण एवढ्यातून सगळं कथानक निघतं. शेवटी बापलेकांना वाटतं की पुष्कळ बाहुल्या नेल्या तर लंगोटच हाती लागेल. तेव्हा कळतं की जितक्या बाहुल्या, तितके हस्तर. नियम कुठेही मोडलेला नाही. लोभाने तो नीट वाचला नव्हता.

जपानी सिनेमात याचं नितळ उदाहरण मासाकी कोबायाशी यांच्या १९६४ च्या 'क्वायदान'मध्ये आहे. लाफ्काडिओ हर्न यांनी सांगितलेल्या जपानी कथांवर आधारलेल्या या चित्रपटात होइची नावाचा अंध वादक आहे. ११८५ च्या दान्नोउरा इथल्या सागरी लढाईत मेलेल्या हेइके सरदारांची भुतं त्याला रोज रात्री आपल्याच पराभवाचं गाणं गायला बोलावतात. मठातला भिक्षू त्याच्या सर्वांगावर प्रज्ञापारमिता हृदयसूत्र लिहितो. संस्कृतातून चीनमार्गे तिथे पोहोचलेलं सूत्र ते. अक्षरांखालचं शरीर भुताला दिसत नाही. पण भिक्षू कानांवर लिहायला विसरतो. भूत येतं, त्याला अंधारात फक्त दोन कान दिसतात, आणि ते कान उपटून नेतं. सूत्र, अक्षर आणि राहून गेलेले दोन कान, यांत सगळा थरार मावला आहे. आरडाओरडा करणारं संगीत लागलेलं नाही.

असा नियम कोकणी माणसाला पटकन उमगतो, कारण त्याचं देवाशी असलेलं नातंही करारमदाराचं आहे. नवस बोलायचा आणि फेडायचा. गाऱ्हाणं घालायचं. देवाला कौल लावायचा आणि उजवा-डावा पाहून निर्णय घ्यायचा. महाडला वीरेश्वराच्या छबिन्याला आसपासच्या गावदेवतांच्या पालख्या येतात, त्यांनाही मान आहे, क्रम आहे आणि तो चुकवून चालत नाही. जिथे देव इतके नियमाने वागतात, तिथे भुताने मनमानी करावी हे कुणालाच पटणार नाही.

५. पाऊस

चित्रपटात पाऊस थांबत नाही. बर्वेंच्या चमूने खऱ्या पावसासाठी पावसाळ्यांची वाट पाहिली, छायाचित्रकार पंकज कुमार यांनी ढगाळ उजेड आणि कंदिलाचा प्रकाश यांवर दृश्यं उभी केली. वाड्यासाठी सासवडचा पुरंदरे वाडा वापरला. फिल्मफेअरचे छायाचित्रण, कलादिग्दर्शन आणि ध्वनिरचना या तिन्हींचे पुरस्कार चित्रपटाला मिळाले, ते उगाच नव्हे.

पण या पावसाचं वजन महाड-पोलादपुरात जितकं कळतं तितकं मुंबईच्या वातानुकूलित चित्रपटगृहात कळत नाही. इथे वर्षाला ३,००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. वर महाबळेश्वरला कोसळलेलं पाणी सावित्रीतून पोलादपूरमार्गे महाडला उतरतं. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळचा सावित्रीवरचा ब्रिटिशकालीन पूल वाहून गेला आणि दोन एसटी गाड्या प्रवाशांसह पुरात गेल्या. २२ जुलै २०२१ ला महाड शहर बुडालं आणि तळिये गावावर दरड कोसळून ऐंशीहून अधिक माणसं गेली. त्या चोवीस तासांत महाबळेश्वरला जवळपास ६०० मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. ज्या मुलखाने हे सोसलं आहे, त्याला न थांबणाऱ्या पावसाचा शाप समजावून सांगावा लागत नाही.

६. शहर कशाला हवं?

भूत गावाकडे असतं, शहरात दिवे असतात, ही समजूत जुनी आणि चुकीची आहे. जपानमधली सर्वांत गाजलेली भुताची कथा, 'योत्सुया काइदान', १८२५ साली एदोच्या, म्हणजे आजच्या टोकियोच्या काबुकी रंगभूमीवर आली. नवऱ्याच्या घरात विषाने विद्रूप होऊन मेलेली ओइवा ही शहरी गरिबीतली बाई आहे. गल्लीतलं भाड्याचं घर, कर्ज आणि श्रीमंत शेजाऱ्याची मुलगी यांतून ते भूत जन्मलं.

शहर या कथांत दोन कामं करतं. पहिलं काम बाजाराचं. केंजी मिझोगुची यांच्या १९५३ च्या 'उगेत्सु'मध्ये सोळाव्या शतकातल्या यादवीच्या धामधुमीत एक कुंभार मडकी विकायला बिवा सरोवर ओलांडून शहराच्या बाजारपेठेत जातो. भाव चांगला मिळतो, लोभ वाढतो आणि तिथेच त्याला उमराव घराण्यातली ती देखणी स्त्री भेटते जी जिवंत नाही. घरी वाट पाहणारी बायको तोवर सैनिकांच्या हातून मेलेली असते. 'तुंबाड'चा विनायकही हेच करतो. कोकणातून मोहरा आणायच्या आणि पुण्यात राघव नावाच्या सावकाराकडे मोडायच्या. शाप तुंबाडला आहे, पण त्याची किंमत पुण्यात ठरते. पुण्याचा बाजार नसता तर त्या मोहरा विहिरीतल्या खड्यांएवढ्याच मोलाच्या होत्या.

ही वाट महाडकरांच्या पायाखालची आहे. बाणकोटच्या खाडीतून होड्या सावित्रीने वर महाडपर्यंत येत, माल इथे उतरे आणि वरंध घाटाने भोरमार्गे देशावर चढे. किनाऱ्यावरची वस्तू आणि घाटमाथ्यावरची किंमत यांच्यातलं अंतर बैलांच्या पाठीवरून कापलं जाई. भुताच्या कथेत हे अंतर आलं की तिला व्यापाराचा वास येतो आणि ती खरी वाटते.

शहराचं दुसरं काम म्हणजे जुनं गाडून त्यावर नवं उभारणं. याचं सर्वांत भव्य उदाहरण अकियो जिस्सोजी यांचा १९८८ चा 'तेइतो मोनोगातारी', हिरोशी आरामाता यांच्या कादंबऱ्यांवर बेतलेला. ९४० साली मारल्या गेलेल्या ताइरा नो मासाकादो या बंडखोर सरदाराचं शिर टोकियोच्या ओतेमाची भागात पुरलं आहे, अशी श्रद्धा आहे. आज त्या जागेभोवती बँका आणि कंपन्यांच्या उंच इमारती आहेत, तरी ते स्मारक हलवलेलं नाही. १९२३ च्या भूकंपानंतर तिथे अर्थखात्याची तात्पुरती इमारत बांधली, पुढे अर्थमंत्री हायामी वारले आणि लोकांनी शापाकडे बोट दाखवलं. चित्रपटातला कातो हा मांत्रिक मासाकादोचा आत्मा जागवून राजधानी नष्ट करू पाहतो. त्याच्यासमोर शिबुसावा एइइची हा खरा उद्योगपती उभा आहे, तेरादा तोराहिको हा खरा भौतिकशास्त्रज्ञ आहे आणि भुयारी रेल्वेचं खोदकाम आहे. टोकियोची पहिली भुयारी रेल्वे १९२७ च्या डिसेंबरात आसाकुसा ते उएनो धावली. चित्रपटात त्या भुयारात राक्षस मजुरांना अडवतात. मग गाकुतेन्सोकु नावाचा यंत्रमानव, जो १९२८ मध्ये जपानमध्ये खरोखर बनला होता, कामाला लावला जातो. हा चित्रपट पसरट आहे, पात्रांची गर्दी त्याला पेलत नाही. पण रेल्वेचं भुयार आणि जुन्या सरदाराचं शिर एकाच जमिनीखाली आहेत, ही त्याची कल्पना विसरता येत नाही.

मराठी मुलखात हा धागा आदित्य सरपोतदार यांच्या २०२४ च्या 'मुंज्या'ने पुढे नेला. १९५२ च्या कोकणात सुरू झालेली अतृप्त मुलाची गोष्ट आजच्या पुण्यातल्या तरुणाच्या मानगुटीवर बसते. सूर विनोदाकडे झुकलेला असला तरी रचना तीच आहे.

७. साल का सांगायचं?

'एके काळी' असं म्हणून भागलं असतं. 'तुंबाड' मात्र साल सांगतो: १९१८, १९३३, १९४७. पहिल्यात वाड्याचा म्हातारा मालक 'सरकार' मरतो, दुसऱ्यात विनायक श्रीमंत होऊ लागतो, तिसऱ्यात देश स्वतंत्र होतो आणि वाडा नव्या सरकारच्या ताब्यात जाण्याची वेळ येते. याच वर्षांत महाडला काय चाललं होतं? १९२७ च्या मार्चात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी चवदार तळ्याचं पाणी प्यायलं. १९३७ मध्ये त्यांनी मुंबईच्या विधिमंडळात खोती नष्ट करण्याचं विधेयक मांडलं आणि पुढच्या जानेवारीत हजारो शेतकरी त्यासाठी मुंबईत मोर्चाने आले. खोती संपवणारा कायदा व्हायला १९४९ उजाडलं.

ही वर्षं शेजारी ठेवली की वाड्यातला अंधार वेगळा दिसतो. बाहेर कुळं जमीन मागत आहेत, माणसं पाणी मागत आहेत, आणि आत एक घराणं विहिरीत उतरून पिढ्यान्‌पिढ्या मोहरा उचलतं आहे. चित्रपट या चळवळींचं नाव घेत नाही. घ्यायला हवं होतं असं वाटतं, निदान एखाद्या कुळाचा चेहरा तरी पडद्यावर यायला हवा होता. तुंबाडच्या वाड्याबाहेर शेत कोण कसत होतं, हे कळत नाही.

८. करून पाहू: पोलादपूरची एक गोष्ट

चारही धागे हाती आहेत, तर एक काल्पनिक गोष्ट रचून पाहता येईल.

काळ घेऊ १९८२. १८ जानेवारीला मुंबईच्या कापड गिरण्यांचा संप सुरू झाला आणि सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. त्यांत कोकणातले चाकरमानी मोठ्या संख्येने होते. शहर आपोआप मिळालं: गिरणगाव, गावच्या मंडळाची खोली, एका खोलीत पाळीपाळीने झोपणारी माणसं. गाव घेऊ पोलादपूरच्या वरच्या अंगाला, सावित्रीकाठचं.

लोककथा गिऱ्ह्याची. हा बुडून मेलेल्याचा पाण्यातला आत्मा. रात्री माणसाला चकवून खोल डोहात नेतो. पण त्याचे केस कुणी कापून लपवले तर तो त्याचा चाकर होतो, सांगितलं ते काम करतो आणि केस परत मागत राहतो. केस मिळाले की सूड घेतो. नियम तयारच आहे, नवा शोधायला नको.

आता नायक. संपात गावी परतलेला एक विणकर. एका रात्री नदीवर त्याच्या हाती गिऱ्ह्याचे केस लागतात. तो ते पत्र्याच्या ट्रंकेत ठेवून मुंबईला परततो. गिऱ्हा रात्रीचं काम करतो, थकत नाही, पगार मागत नाही. आधी पाणी भरतो, मग हमाली, घरात चार पैसे येऊ लागतात. मग कुणीतरी विणकराला विचारतं: बंद गिरणीतले माग रात्री चालवून देशील का?

इथे भीती गिऱ्ह्याची उरत नाही. शेजारच्या खाटेवर झोपलेला गाववाला साडेचार महिने उपाशी राहून संप लढतो आहे, आणि भिंतीपलीकडे माग चालू झाल्याचा आवाज त्याच्याही कानावर पडणार आहे. नियमही आपलं काम करतो. गिऱ्ह्याला पाण्यात बळ येतं, म्हणून केस कोरडे राहायला हवेत. खोली तळमजल्यावर आहे, ट्रंक खाटेखाली आहे, आणि कॅलेंडरवर जून लागला आहे.